सतरा नव्वेला अडणारी बाई

आधीच सांगते, मी इथले असे गूढ अनुभव चहाबरोबर चवीने वाचणाऱ्यांतली आहे, पण विश्वास ठेवणाऱ्यांतली कधीच नव्हते. माझं पोटच त्या अविश्वासावर होतं. “मला दिसतं”, “मला ऐकू येतं” असं कुणी म्हणालं की मी बॅगेतून फॉर्म काढायचे. भुताखेतांवर विश्वास ठेवला असता तर नोकरी गेली असती... असो.

मी मूळची पुण्याची. लग्न होऊन इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या स्लाऊला आले आणि कौन्सिलच्या मेंटल हेल्थ टीममध्ये सोशल वर्कर म्हणून लागले. एखादा माणूस मनाने आजारी आहे, दार उघडत नाही, जिवाला धोका आहे, असं वाटलं की आम्ही कोर्टातून वॉरंट आणायचो. मग पोलीस, दोन डॉक्टर आणि मी, अशी वरात दार फोडून आत. डॉक्टर शिफारस करतात, पण माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध हॉस्पिटलमध्ये ठेवण्याच्या अर्जावर सही सोशल वर्करची. तो गुलाबी कागद हॉस्पिटलच्या हातात पडला की अठ्ठावीस दिवस सुटका नाही.

साल २००४, ऑक्टोबरचा शेवट, दुपारचे बारा. ट्रेडिंग इस्टेट, म्हणजे तिथली कारखान्यांची वसाहत, तिच्या मागच्या गल्लीतलं, दोन्हीकडून घरं चिकटलेलं एक दुमजली घर. आत सुमतीबाई एकट्याच. वय बहात्तर, नवरा वारलेला. तरुणपणी साताऱ्याकडे प्राथमिक शाळेत शिकवायच्या, इकडे आल्यावर मात्र शाळेच्या किचनमध्ये मुलांना वाढण्यात जन्म गेला. शेजाऱ्यांची तक्रार होती की बाई दिवसभर कुणाशी तरी बोलतात आणि खंगत चालल्यात. तीन आठवड्यांपूर्वी माझी सहकारी जेनी त्यांच्याशी दाराच्या फटीतून बोलून आली होती. तिची नोट मी सकाळी सिग्नलला गाडीत वरवर चाळली, हे कबूल करते.

दार फुटलं. गॅरी नावाचा धिप्पाड कॉन्स्टेबल बाईंना शोधत घरभर सगळ्या खोल्यांची दारं उघडत सुटला. बाई किचनमध्येच होत्या, पोळ्या लाटत. मनगटं नुसती काडीसारखी.

“मावशी, जेवत का नाही?” मी मराठीत विचारलं. त्यांना नवल वाटल्याचं काही दिसलं नाही.

“जेवते की. अर्धी मी, अर्धी तिला.”

“तिला म्हणजे?”

“वरच्या लहान खोलीत एक बाई अडकलीय. दार उघडलं की नसते, लावलं की असते. मग खालून पोळी सरकवते. उपाशी कशी ठेवू?”

भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं त्यांनी. मग माझ्या पायांकडे बघत राहिल्या. “दोन्ही बूट आहेत का गं तुझे?”

“आहेत की, मावशी.”

“मग अजून वेळ आहे,” म्हणाल्या आणि लाटणं खाली ठेवलं.

डॉक्टरांचं एकमत झालं. मी ओट्यावरच फॉर्म भरला. ‘अस्तित्वात नसलेल्या स्त्रीला स्वतःचं अन्न देतात. असंबद्ध प्रश्न विचारतात.’ खाली सही केली. ॲम्ब्युलन्सकडे नेताना त्यांनी माझा हात घट्ट धरला. “मला नेलंत तर तिच्याकडे कोण बघणार?”

“मी बघते ना,” मी म्हणाले. आमचं ठेवणीतलं वाक्य ते, दिवसातून दहादा म्हणायचो.

डॉक्टर गेले. बाईंसोबत गॅरी ॲम्ब्युलन्समध्ये बसला. मी माझ्या गाडीने मागून येणार होते. माणसाला नेलं की त्याचं घर सुरक्षित करणं हेही आमच्याच गळ्यात — गॅस, हीटर, खिडक्या बघून निघायचं. खाली कौन्सिलचा सुतार दाराला नवं कुलूप बसवत होता. बॅग, मोबाईल, गुलाबी कागद सगळं किचनच्या टेबलावर ठेवून मी वर गेले. लहान खोलीत फॅन हीटर चालू होता. तो बंद करायला वाकले आणि फुटक्या दारातून आलेल्या वाऱ्याने मागचं दार धाडकन लागलं.

आतून हँडलच नव्हतं. नुसतं चौकोनी भोक.

मी हाका मारल्या. खाली ड्रिल चालू होतं. ते थांबलं तेव्हा वरून विमान गेलं. हीथ्रो जवळ, दर दोन मिनिटांनी एक. मग पुढचं दार लागल्याचा आवाज, कुलपाचा खटका, आणि व्हॅन सुरू होऊन निघून गेली. सुताराला वाटलं मी ॲम्ब्युलन्सबरोबर गेले. गॅरीला वाटलं मी सुतारापाशी आहे. खिडकीला कुलूप, किल्ली गायब, खाली रिकामं परसदार.

पहिला अर्धा तास मी स्वतःलाच हसले. दुसऱ्या अर्ध्या तासात घाम फुटला. मला बंद जागेची भीती आहे, लहानपणापासून. शेजारच्या घराच्या भिंतीवर जोरात ठोकता यावं म्हणून उजव्या पायातला बूट काढला आणि त्याच्या टाचेने ठोकत राहिले. लोक कामावर गेलेले, कोण ऐकणार? दमून जमिनीला गाल लावला आणि दाराच्या फटीतून हवा घेऊ लागले. तिथे पेपर नॅपकिनमध्ये घडी घातलेल्या पोळ्या होत्या. अर्ध्या अर्ध्या. काही वाळून कडक झालेल्या, काहींवर बुरशी. इतक्या दिवसांत कुणीच खाल्ल्या नव्हत्या. मला रडू आलं. कशाचं, ते कळलं नाही.

लहानपणी वीज गेली आणि मी घाबरले की बाबा पाढे म्हणायला लावायचे. तसे सुरू केले. सतराचा पाढा माझा कच्चा. सतरा आठे एकशे छत्तीस, सतरा नव्वे... झालं, तिथे अडायचं. पुन्हा सतरा एके सतरा. भिंतीवर बूट, तोंडात पाढा. असं किती वेळा झालं देव जाणे. उजेड उतरू लागला होता. पुन्हा एकदा सतरा नव्वेला थांबले आणि दाराच्या पलीकडून, अगदी जवळून, दमलेल्या पण न चिडलेल्या आवाजात कुणीतरी म्हणालं, “एकशे त्रेपन्न.”

मी ओरडले, दार बडवलं, गयावया केली. कुणी नव्हतं. कान वाजले असतील, असं म्हणून घेतलं. त्यानंतर पाढा म्हटला नाही. भिंतीला पाठ लावून बसून राहिले, आणि आपण इथून कधीच निघणार नाही, याची मला खात्री पटली.

सव्वापाचला गॅरी आला. गुलाबी कागद न पोचल्यामुळे हॉस्पिटलने बाईंना दाखल न करता नुसतं बसवून ठेवलं होतं, म्हणून तो मला शोधत होता. पोलीस स्टेशनवर जमा झालेली नवी किल्ली घेऊन, नशिबाने आधी घरीच आला. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, “तुमचा दुसरा बूट कुठाय?”

तो हातातच होता. टाच निघून आलेली, दारावर लाथा मारून पाय सुजलेला. टेबलावरची बॅग आणि कागद उचलून तशीच त्याच्या गाडीत बसले आणि वाटेत बॅगेतली जेनीची नोट पहिल्यांदा नीट वाचली. ‘लहान खोलीत एक स्त्री असल्याचं सांगतात. तिच्या एकाच पायात बूट आहे. ती भिंतीवर ठोकते आणि त्यांच्या भाषेत आकडे म्हणते, पण दर वेळी एकाच जागी चुकते. पूर्वी शिक्षिका असल्याने या तिला दाराबाहेरून बरोबर उत्तर सांगतात.’ खाली तारीख, तीन आठवड्यांपूर्वीची. मी पान उलटून मागची बाजूही पाहिली, का कोण जाणे.

वॉर्डाबाहेर सुमतीबाई प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर हात ठेवून. त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं. चेहरा एकदम उजळला. परीक्षेत मूल पास झाल्यासारखा.

“सुटलीस ना?” म्हणाल्या. “चल, आता मला सोडव.”

नर्स हात पुढे करून उभी होती. कागद माझ्या हातात होता. फाडला असता, किंवा नुसतं ‘थांबा’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण बाई खरोखरच उपाशी होत्या. दोन डॉक्टरांच्या सह्या होत्या. आणि मी सांगणार काय होते, ती अडकलेली बाई मीच म्हणून? मग खुर्ची माझ्यासाठीही मागवावी लागली असती.

मी कागद दिला.

अठ्ठावीस दिवसांनंतर त्या घरी गेल्या नाहीत, केअर होममध्ये गेल्या. गोळ्यांनी आवाज बंद झाले, असा रिपोर्ट आला. मी दोनदा भेटायला गेले. दोन्ही वेळा त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि मान फिरवली. दोन वर्षांनी वारल्या.

जेनीच्या नोटेत ते तीन आठवडे आधी कसं आलं, मला माहीत नाही. दाराबाहेर कोण होतं, माहीत नाही. मंडळींपैकी कुणाला सुचत असेल तर सांगा. पण मला खरं कोडं पडतं ते वेगळंच... दार बंद असताना त्यांनी रोज अर्धी पोळी दिली, आणि हातात कागद असताना मी तो पुढे केला.