प्राध्यापकांचा खोटा पेशंट

नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हा मी तीन दिवस लकवा मारलेला म्हातारा झालो. देवळीच्या नाटकांत मी राजे केले, दरोडेखोर केले, एकदा म्हशीचे मागचे पायसुद्धा केले. पण एवढे शिकलेले प्रेक्षक कधी मिळाले नव्हते. वर्ध्यात मेडिकलच्या प्राध्यापकांचं शिबिर होतं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना वर्षानुवर्षं कसं सांभाळायचं, हे विद्यार्थ्यांना कसं शिकवायचं ते त्यांना शिकायचं होतं, आणि सरावाला एक खोटा पेशंट हवा होता.

माझा नमुना घरचाच. आंजी गावचे माझे काका लकव्यानं तीन वर्षं पडून होते. मूलबाळ नाही, काकी एकटी सगळं करायची. काकांचं वाकडं तोंड, लोंबता हात मी हुबेहूब उचलला आणि काकांपाशी शेजारणीला बसवून काकीलाही सोबत नेलं.

पहिल्याच प्राध्यापकानं मला असं वळवलं की मी पलंगाच्या कडेला लटकलो. काकी ताडकन उठली.

"अवो डॉक्टरसाहेब, कापसाची गठान लोटून राह्यले काय? पहिले गुडघा वाकवा, मंग खांदा धरा. अन् बोला ना त्याच्याशी, माणूस आहे थो!"

"तुम्हाला हे कोणी शिकवलं?"

"ह्यायच्या पाठीच्या जखमेनं."

मग तीन दिवस काकीच शिकवत होती. शेवटी ठरलं, दर शनिवारी विद्यार्थी गावोगावी जातील, आधी आंजीला. परतताना बसमध्ये काकी म्हणाली, "हप्त्यातून एक दिवस दोन पोट्टे आले ना बाबू, तं माही कंबर टिकते."

शनिवारी ती अंगण झाडून, खुर्च्या मांडून बसायची. कोणी आलं नाही. मी शिबिराच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या सरळच म्हणाल्या, "परीक्षेत यावर प्रश्न येत नाही हो. मग कोण शिकवणार, आणि कोण शिकणार?"

पुढच्या वर्षी शिबिर पुन्हा झालं. मी पुन्हा झोपलो. टाळ्या जास्त पडल्या.

त्या उन्हाळ्यात काकीची कंबर गेली. मी आंजीला पोचलो तेव्हा दोन खाटा शेजारी शेजारी होत्या.

"ह्यायले वळव," काकी पडल्या पडल्या म्हणाली.

मी काकांच्या खांद्याला हात घातला. त्यांनी जो चेहरा केला तो मला दोन्ही शिबिरांत जमला नव्हता.

"गुडघा! पहिले गुडघा!"

कसंबसं वळवलं. पाठीवरची जखम तळहाताएवढी झाली होती.

"झालं," मी म्हणालो.

"आता दोन घंट्यानं दुसऱ्या कुशीवर."

माझी परतीची, वर्ध्याची शेवटची बस तासाभरात होती.