कंसातली बायको

साहेबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचाही गेली. दीड वर्षात पाय बराचसा परतला, हात अर्धामुर्धा परतला आणि वाचा मात्र पूर्वीच्या दुप्पट होऊन परतली. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो, आणि छपराखाली बायको बसलेली असते.

साहेब म्हणजे एका कारखान्याच्या भांडार विभागाचे निवृत्त प्रमुख. खिळ्यापासून क्रेनपर्यंत सगळं त्यांच्या सहीनं बाहेर पडायचं, त्यामुळे जग आपल्या सहीवाचून अडतं अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. त्यांची बायको तीस वर्षं लघुलेखिका. चौकशी समित्यांपुढे माणसं बोलतात ते शब्दन्‌शब्द टिपायचं हे तिचं काम. कचेरीत तिला सगळे नुसतं 'बाई' म्हणत. आपणही तेच म्हणू.

बाईंच्या धंद्यातला एक भेद इथं सांगितलाच पाहिजे. वरिष्ठ पत्र सांगत असताना मध्येच "पंखा लावा जरा" म्हणाले, तर ते टिपायचं नाही. पत्रात पंखा येत नाही. पण समितीपुढची जबानी असेल, तर साक्षीदार खोकला, त्यानं पाणी मागितलं, तो शेजाऱ्याशी कुजबुजला, तरी तेही कंसात घालायचं. पत्रात गाळायचं, जबानीत टिपायचं. हे ज्याला कळलं तो लघुलेखक, बाकीचे नुसते भरभर लिहिणारे. बाईंनी उभ्या नोकरीत कधी ध चा मा केला नव्हता.

आता आत्मकथनाचं. अलीकडे माणूस आजारातून उठला की पथ्य सुटायच्या आधी त्याचं पुस्तक सुरू होतं. साहेबांच्या डोक्यात हा किडा सोडला त्यांच्या धाकट्या बहिणीनं. दीड वर्षात ती तीनदा भाऊ बघायला आली होती. दर खेपेला फळं आणायची आणि गप्पा मारता मारता निम्मी स्वतःच संपवायची. तिसऱ्या खेपेला केळं सोलत ती म्हणाली, "दादा, तुझी इच्छाशक्ती लोकांपुढे यायलाच हवी. वहिनी, तुम्हांला नाही वाटत?"

वहिनी तेव्हा दादांच्या पायाला तेल लावत होत्या. त्यांना काय वाटतं ते ऐकायला कोणी थांबलं नाही. बहिणीनं भावाला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि त्या चढणीला मात्र साहेबांना कुणाचा आधार लागला नाही.

पुस्तकाचं नावही त्याच दिवशी ठरलं: 'अर्ध्या अंगाची पूर्ण झेप'.

रोज सकाळी दहा ते बारा असं काम चाले. साहेब खिडकीपाशी हाताच्या खुर्चीत, समोर स्टुलावर बाई, मांडीवर वही, हातात दोन्हीकडून टोक केलेली पेन्सिल. साहेब बोलत, बाई टिपत, दुपारी संगणकावर उतरवून काढत. पहिली चार प्रकरणं त्यांनी पत्रच धरलं. साहेब मध्येच म्हणत, "उशी सरकव," "चष्मा कुठाय," "पाय खाली घे गं." बाई पेन्सिल ठेवायच्या, उशी सरकवायच्या आणि पुन्हा पेन्सिल उचलायच्या. कागदावर उशी येत नसे.

पाचव्या प्रकरणाच्या पहिल्या सकाळी साहेबांनी डोळे मिटले आणि आवाज जड केला. "ते दीड वर्ष मी एकट्यानं काढलं. त्या अंधारात माझ्याबरोबर होतो फक्त मी."

पेन्सिल थांबली. तीस वर्षांत ती कुणाच्या वाक्यावर अडून थांबली नव्हती.

झटका आल्यावर साहेबांच्या तोंडात एकच शब्द उरला होता: 'परवा'. पाणी हवं असलं तरी परवा, कूस बदलायची असली तरी परवा, रडू आलं तरी परवा. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. बाईंनी निवृत्तीला दोन वर्षं असतानाच नोकरी सोडली आणि उशाशी वही घेऊन बसल्या. कोणत्या सुरातला परवा म्हणजे काय, ते खुणांनी टिपत गेल्या. अकरा प्रकारचे परवा निघाले. बाराव्याचा अर्थ त्यांना शेवटपर्यंत लागला नाही, तेव्हा त्या नुसता हात धरून बसायच्या. मग एकेक शब्द शिकवला, लहान पोराला शिकवतात तसा. आणि त्याच शब्दांतून आता हे वाक्य बाहेर पडलं होतं. बाईंना वाईट वाटलं. रागही आला, पण आधी वाईटच वाटलं.

"अहो, फक्त मी?" त्यांनी विचारलं.

"फक्त मी. पूर्णविराम."

"मग मी कुठं होते?"

"तू होतीसच की घरात," साहेब समजुतीनं म्हणाले. "पण ते काय लिहायचं? लोकांना इच्छाशक्ती हवी असते. बायका काय, सगळ्यांच्याच घरी असतात."

बाईंनी मान हलवली. पेन्सिल उलटी करून दुसरं टोक पुढे घेतलं. त्या क्षणापासून पुस्तक हे पत्र राहिलं नाही, जबानी झाली.

पुस्तक पुरं व्हायला तीन महिने लागले. छापील बाड साहेबांपुढे ठेवून बाई म्हणाल्या, "एकदा नजरेखालून घाला."

"मीच बोललोय ना? मग मला काय वाचायचंय?" असं म्हणून साहेबांनी डाव्या हातानं पहिल्या पानावर सही ठोकली. भांडारातला माल सुटला.

प्रकाशकांच्या खोलीत बरे झालेल्या माणसांचे ढीगच्या ढीग होते. खिडकीशी हृदय, दाराशी मणका, कपाटावर मधुमेह. त्यांतून वाट काढत दोघं खुर्च्यांपर्यंत पोहोचले. प्रकाशक साहेबांकडे कौतुकानं बघत राहिले आणि म्हणाले, "मी वाचूनच दाखवतो."

त्यांनी वाचलं: "कुणाच्याही आधाराशिवाय उभं राहायचं, असा मी निर्धार केला. (हात दे गं जरा. अगं, असा नको, काखेतून धर.) आणि मी उभा राहिलो. माणसाला परावलंबनाचा तिटकारा हवा. (पाणी. कोमट आण.) स्मरणशक्तीचं म्हणाल, तर ती मी नुसत्या चिंतनानं परत मिळवली. (आपल्या त्या डॉक्टरांचं नाव काय गं?)"

साहेबांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "हे काय आहे?"

"तुम्ही बोललात तेच आहे," बाई म्हणाल्या. "माझा एक शब्द नाही त्यात. हवं तर वही दाखवते."

"कंस काढून टाका," साहेब प्रकाशकांना म्हणाले.

"कंस काढलेत तर पुस्तकही घेऊन जा," प्रकाशक म्हणाले. "कंसाबाहेरचं मला वर्षाला चाळीस जण आणून देतात."

साहेब दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. घर इतकं शांत झालं की बाईंना चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी साहेबांनी बहिणीला फोन लावला. बाई स्वयंपाकघरात होत्या, पण भिंत पातळ होती. "अगं, ती माझी शैली आहे," साहेब सांगत होते. "मुद्दाम योजलीय मी ती. माणसानं स्वतःचीही थट्टा करावी."

बाईंनी गॅस बारीक केला आणि तशाच उभ्या राहिल्या. आधी त्या पुस्तकात नव्हत्या. आता होत्या, पण शैली म्हणून. केलं काय आणि झालं काय. टिपायचं तेवढं टिपून झालं होतं. बोलणाऱ्यानंच जबानी फिरवली तर लघुलेखकाच्या हातात काय उरतं?

पुस्तक निघालं. समारंभाला सभागृह बऱ्यापैकी भरलं. बाई दुसऱ्या रांगेत नणंदेशेजारी बसल्या. प्रमुख वक्ते जाडजूड समीक्षक होते. ते म्हणाले, "या कंसांतलं 'अगं' कोण, असा प्रश्न मला पडला. विचारान्ती लक्षात आलं की ही लेखकाची जीवनशक्ती आहे. 'काखेतून धर' असं तो आपल्या आतल्या शक्तीलाच विनवतो."

साहेबांनी डोळे मिटून मान डोलावली. नणंद कानाशी लागून म्हणाली, "किती खोल आहे नाही, वहिनी?"

"फारच," बाई म्हणाल्या.

मग साहेब वाचायला उठले. पुस्तक डाव्या हातात, उजवा हात मांडीशी लोंबता. आवाज त्यांचा मुळातला चांगला. कंस आला की ते सूर बदलत आणि लोक हसत. पानाच्या तळाशी येऊन ते थांबले. नवं कोरं पुस्तक, पानं एकमेकांना चिकटलेली, आणि उलटायचं कशानं? उजवा हात थोडा उचलला गेला आणि परत खाली आला.

"अगं," साहेब म्हणाले, "पान उलट जरा."

सभागृहात टाळ्या पडल्या. समीक्षकांनी "वा" म्हटलं. साहेब तसेच उभे राहिले आणि टाळ्या संपल्यावर पुन्हा म्हणाले, "अगं, पान."

पुन्हा टाळ्या.

बाई जागच्या उठल्या नाहीत. बसल्या बसल्याच, समितीत साक्षीदाराला विचारावं तसं, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात त्यांनी विचारलं, "अहो, हे कंसातलं, की मला सांगताय?"

कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. साहेबांनी हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं, समीक्षकांकडे पाहिलं. ओठ हलले, पण झटक्यानंतरच्या दिवसांसारखा शब्दच सापडेना. बाई ओळखीनं त्या ओठांकडे बघत होत्या, पण या वेळी त्यांनी शब्द सुचवला नाही.

"तुला," साहेब म्हणाले. मग मायक्रोफोनपासून तोंड न हलवता, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "कंसातलंही सगळं तुलाच सांगितलं होतं."

बाई उठल्या, तीन पायऱ्या चढून व्यासपीठावर गेल्या आणि त्यांनी पान उलटलं. समीक्षक खुर्ची सोडून घाईघाईनं बाजूला झाले. त्या खुर्चीत बाई बसल्या, कारण अजून बरीच पानं उलटायची होती.