सेंट एतिएनची रायफल

संताचं नाव लागलं की लोखंडही पावन होतं, असं पलटणीच्या पंडितजींनी खंडेनवमीला सांगितलं. पंडितजींच्या हाती कुणी कधी रायफल दिली नव्हती.

तेव्हा मी सुभेदार होतो. आमची कंपनी शांतिसेनेत, दक्षिण लेबनॉनमधल्या एका टेकडीवर होती. शेजारच्या टेकडीवर आयरिश. शस्त्रपूजेआधी प्रत्येक हत्यार खाली, म्हणजे गोळ्या काढून रिकामं, करून दाखवायचं, मगच कुंकू, हा आमचा रिवाज.

त्या वर्षी टेबलावर एक जादा रायफल आली. जुनी, फ्रेंच, आदल्या दिवशी एका शेतकऱ्याने जमा केलेली. बोल्ट गंजून बसला होता. हत्यारं दुरुस्त करणारा आर्मरर दुसऱ्या दिवशी येणार होता. पण पाहुणे आले होते आणि कंपनी कमांडरना टेबल भरलेलं हवं होतं.

पाहुण्यांतल्या आयरिश सार्जंट डोनलने तिच्यावरचा शिक्का वाचला. सेंट एतिएन. फ्रान्समध्ये कोसाकोसावर एकेका संताचं गाव आहे, हे त्यातलंच, बंदुकांच्या कारखान्याचं, असं त्याने सांगितलं. एतिएन म्हणजे त्यांचा स्टीफन, दगडांनी ठेचून मारलेला पहिला हुतात्मा. टेबल मांडणारा नाईक सावंत हरखला.

मी विचारलं, "सावंत, खाली केलीस?"

"बोल्ट हलत नाही, साहेब. पण संताची आहे. ती काय करणार?"

"बाजूला ठेव."

तोवर त्याने झेंडूची माळ नळीच्या बाजूने चढवायला घेतली होती. झेंडू त्यानेच लंगरामागे, स्वयंपाकघराच्या पाठी लावलेला. दोरा चापात अडकला. त्याने ओढला.

पंडितजींचा मंत्र अर्धा झाला होता. तो त्यांनी पूर्ण केला. सावंत टेबलापाशी पडला होता.

मी रेडिओ घेतला. "कॅज्युअल्टी वन. हेलिकॉप्टर पाठवा."

"एनिमी फायर?"

"निगेटिव्ह. पूजा."

 पलीकडून आलं, "से अगेन."

मी तेच पुन्हा सांगितलं. हेलिकॉप्टर येण्याआधी सावंत गेला.

आता मी आयर्लंडमध्ये, डून लेरी गावी मुलीकडे असतो. डोनल जवळच राहतो. सेंट स्टीफन्स डेला, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही बंदराच्या धक्क्यावर टोकापर्यंत चालतो. तिथे तो टोपी काढतो आणि दर वर्षी तेच विचारतो. "युअर मॅन सावंत. वय काय होतं?"

"सत्तावीस."

यंदा मी त्याला वाचनात आलेलं सांगितलं. क्रांतीच्या काळात फ्रेंचांनी गावांच्या नावांतले संत काढून टाकले. सेंट एतिएनचं नाव शस्त्रनगर अशा अर्थाचं ठेवलं. पुढे संत परत आले. बंदुका मधल्या काळातही बनतच होत्या.