ठेवणीतली मराठी

गेल्या फेब्रुवारीत एका मंगळवारी, प्रताप नगरातल्या आमच्या कॉलेजच्या फाटकाशी पेरू विकणाऱ्या बाईंनी मला मुलाखत दिली. मी भाषाशास्त्र शिकत होते. नागपुरी बोलीचं रेकॉर्डिंग बुधवारी दिलं नाही, तर मला परीक्षेला बसता येणार नव्हतं.

बाई सावनेरच्या. एकेक पेरू पदराने पुसून रचायच्या. मोबाइल सुरू होताच त्यांनी पदर सारखा केला आणि बातम्या वाचाव्यात तसं बोलल्या, "मी सकाळी लवकर उठते. त्यानंतर मी पेरू आणते."

"मावशी, रोजच्यासारखं बोला ना."

"काहून वं? माहा आवाज पयल्यांदा कालेजात जाऊन राहिला. त्याले फाटक्या लुगड्यात धाडू का?"

तेवढ्यात एका गिऱ्हाइकाने पेरू दाबून पाहिला.

"पेरू आहे गा तो, हॉर्न नाही. काहून दाबून राहिला?"

पुढची चार मिनिटं त्या त्याच्याशीच बोलल्या. मोबाइल सुरूच होता. हे वर्गात ऐकवू का, असं मी नंतर विचारलं. त्या हसल्या. "ऐकव. पण चांगलं वालं आधी ऐकवजो."

बुधवारी वर्गात दोन्ही बोलणी त्याच क्रमाने वाजली. रेकॉर्डिंग मंजूर झालं. पेरूवाल्या बाई मागच्या बाकावर बसून ऐकत होत्या. अंगावर हिरवी पैठणी होती आणि टोपली पायाशी.