डाव्या हाताने लावलेले आठ दिवे

आमचे ज्यू पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि ते शनिवारी बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पिढ्यान् पिढ्या तेलात हात, आणि तेलाचाच सण ठाऊक नाही! जेरुसलेमचं मंदिर शत्रूकडून परत मिळालं, तिथलं एका दिवसाचं तेल आठ दिवस जळलं, ही हनुक्काची गोष्ट आमच्या लोकांना फार उशिरा, बाहेरून आलेल्या धर्मबंधूंकडून कळली. याचं नवल मला अजून वाटतं.

संगमनेरात आमच्या गल्लीत ज्यू घर एकच, आमचं. गेल्या पावसाळ्यात आईला अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. आता हलवला नाही तर तो कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना तिने दोनदा दारातूनच परत पाठवलं. मी रागावले, रडलेसुद्धा. ती ढिम्म.

हनुक्काच्या पहिल्या संध्याकाळी मी काचेच्या पेल्यांत पाणी आणि वर खोबरेल तेल ओतून वाती सोडल्या. पहिल्या दिवशी एक दिवा, दुसऱ्या दिवशी दोन, असे आठव्या दिवशी आठ. त्यांच्या उजेडात काम करायचं नाही, नुसतं बघायचं. ते पेटवायला वेगळी मेणबत्ती असते. ती मी आईपुढे ठेवली, कारण घरातले दिवे कायम तीच लावत आली होती. "तूच लाव," म्हणून तिने मान फिरवली.

माझं डोकंच फिरलं. मी तरातरा स्वयंपाकघरात गेले आणि गुळाचे गुलगुले तळत बसले. या सणाला तळलेलं गोड हवंच.

परत आले तर दिवा लागलेला होता. टेबलभर मेण सांडलं होतं आणि आई डाव्या हाताच्या बोटांवर फुंकर घालत होती.

मग रोज एकेक दिवा वाढत गेला, चटकेही वाढले. आठव्या दिवशी पाच दिवे लागले आणि तिचा हात लटपटायला लागला. मी पुढे झाले, तर तिने डोळे वटारले. मेणबत्ती ठेवली, लुळा उजवा हात उचलून टेबलावर घेतला, त्यावर डावं मनगट टेकवलं आणि उरलेले तिन्ही दिवे लावले.

बराच वेळ आम्ही दोघी बघत बसलो. आई मात्र दिव्यांकडे नाही, आपल्या उजव्या हाताकडे बघत होती.

"त्या बाईंना उद्या बोलाव," ती म्हणाली. "याचा उपयोग आहे अजून."