नानाला बाई का नको?

आज वारा पार पडलाय. ऊन असं, की नायलॉनचा दोरा बोटाला चटका देतोय. अशा दिवशी रेवदंड्याला बोटी किनाऱ्यावर आणि आम्ही म्हातारे शेडमध्ये जाळी शिवत. एक भोक बुजतं, एक किस्सा निघतो. माझं नशीब असं, की निम्मे माझ्यावरचेच! मला लिहिता येत नाही. मी सांगतो, पुतण्याची लेक सायली लिहून घेते.

सगळ्यांचा सवाल एकच. नानानं लग्न केलं नाही, बाहेरही कुठं गेला नाही. का? खरं सांगू? मला ती भूकच कधी लागली नाही. पण हे चारचौघांत सांगायचं कसं!

आमच्या बोटीच्या पांडू तांडेलानं परस्पर उठवून दिलं, "नानानं देवीला शब्द दिलाय." झालं! बायका माझ्या पाया पडायला लागल्या. मी लाजेनं नाही म्हणू शकलो नाही. एकीनं रडकं पोर मांडीवर आणून ठेवलं, "नाना, हात फिरवा." पोरानं माझी लुंगी भिजवली. पांडू ओरडला, "घे, पावली देवी!"

मग शेडमधल्याच गणानं मला रिक्षात घालून अलिबागला डॉक्टरकडं नेलं. "लाजू नको नाना, आता गोळी मिळते!"

डॉक्टरनं विचारलं, "बाबा, त्रास काय होतो?"

म्हटलं, "मला काय न्हाय. त्रास ह्याला होतोय."

डॉक्टर हसून हसून लाल. मी मात्र घर येईपर्यंत पायाच्या अंगठ्याकडं बघत होतो.

गणाच्या लेकीच्या हळदीत बायका सायलीच्या मागं लागल्या, "आता तुझा नंबर!" ही न्हावा-शेव्याला कंटेनरच्या ऑफिसात कामाला, कुणाला भिते! डीजेच्या वर आवाज काढून म्हणाली, "मला लग्न नको, बॉयफ्रेंड नको, त्यातलं काहीच नको!"

"नानाचं वारं लागलं गं पोरीला!" पांडूची तांडेलीण म्हणाली. अख्खा मांडव माझ्याकडं वळला.

सायली माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. "नाना, ताठ बसा. आपण कुणाचं काय चोरलंय?"

ताठ बसलो. डोळे काही वर झाले नाहीत.

राहिली हिराबाई, माझी शेजारीण. नवरा गेल्यापासून एकटीच. रोज संध्याकाळी भाकरी-कालवण झाकून आणते आणि मी जेवेस्तोवर माझ्या ओटीवर गप्पा मारत बसते. माझा दिवस तेवढ्यासाठी उगवतो.

परवा गणा शेडमध्ये म्हणाला, "आत्ता कळलं नानाचं गुपित! ताट शेजारूनच येतंय की!"

सगळे हसले. माझ्या हातातली सुई थांबली. मला हसा, जन्मभर हसलात. पण तिचं नाव कशाला?

संध्याकाळी ती आली. मी ताटाकडं बघत म्हटलं, "हिराबाई, उद्यापासून येऊ नका. लोक बोलतात. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, मला तसलं कधी वाटलंच नाही. कुणाबद्दलच नाही." कान नुसते तापले होते.

तिनं ताट माझ्यापुढं सरकवलं.

"मला ठावं न्हाय व्हय, नाना? अख्ख्या कोळीवाड्यात ह्या एका ओटीवर मी पदर न सावरता बसते. जेवा आता, कालवण निवतंय."