छाटातली सिगार

पुण्याहून सकाळच्या गाडीने सोलापूरला निघालो, तेव्हा मांडीवर लाकडाची एक चकचकीत पेटी होती आणि मनात पकडलं जाण्याची भीती. पेटीत दहा परदेशी सिगारी होत्या. त्यांची किंमत ऐकून आमची सुनंदा म्हणाली होती, "एवढ्यात एक बरी साडी आली असती. आणि ती जाळावी लागली नसती." तीस वर्षांच्या संसारात ती वावगं असं फारसं बोललेली नाही, हेही तिने बरोबरच सांगितलं.

माझा धंदा थोडा चमत्कारिक आहे. पुण्यातल्या एका सिगारविक्रेत्याच्या पत्रकात मी दहा वर्षं सिगारींच्या चवीचं वर्णन लिहितो आणि त्यांना शंभरपैकी गुण देतो. 'सुरुवातीला देवदार, मग भाजलेली कॉफी, शेवटी जुन्या ग्रंथालयाची आठवण' अशा थाटाचं. लोक ते वाचून सिगारी विकत घेतात आणि त्यांनाही ग्रंथालय आठवतं म्हणे.

यात एकच अडचण होती. दोन वर्षांपूर्वी एका तापाने माझा वास नेला. ताप गेला, वास परत आला नाही. गोड, खारट, आंबट, कडू एवढं जिभेला कळतं. बाकी सगळं कोरं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. तोवर मी जुन्या वह्यांतली विशेषणं आलटूनपालटून वापरत राहिलो, आणि गंमत म्हणजे याच काळात माझं नाव वाढलं. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, सुनंदालासुद्धा. घरी बसून लिहिणं निराळं. आता मात्र सोलापुरातल्या एका टॉवेल कारखानदाराच्या बंगल्यावर, आठ जाणकारांसमोर, सिगार ओढत तिची चव तोंडाने सांगायची होती. तिथे पकडलो गेलो की दहा वर्षांची अब्रू गेलीच.

जेऊर मागे पडलं तसा खिडकीतून येणारा वारा कोरडा झाला. शेजारच्या मास्तरांनी डबा उघडून कडक भाकरी (वाळवलेली पातळ ज्वारीची भाकरी) आणि शेंगांची चटणी पुढे केली. "वासावरनंच कळतं की नाही सोलापूरची?" ते म्हणाले. मी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला आणि म्हणालो, "वा!" अशा 'वा'चा मला आता चांगलाच सराव झाला होता.

सोलापुरात उतरलो तर ऊन असं की सिगारी वाळून कडबा व्हायच्या. त्यांना ओलावा लागतो हे मी शंभरदा लिहिलं होतं. मग मी विद्वानाला शोभेल असाच उपाय केला. स्टेशनजवळ एक सोलापुरी टॉवेल घेतला, हॉटेलात तो भिजवला आणि पेटीला गुंडाळून झोपलो. सोलापुरी टॉवेल पाणी किती धरतो याची कीर्ती ऐकून होतो. ते पाणी तो सोडतोही, हे सकाळी कळलं. पेटीत पाणी झिरपलं होतं, सिगारी फुगल्या होत्या आणि दोन-तिनांची वरची पानं उकलली होती.

कार्यक्रम त्याच संध्याकाळी पाचला. मी पेटी घेऊन रस्त्यावर आलो. माझा चेहरा पाहून रिक्षावाल्या सलीमभाईंनी विचारलं, "क्या हुआ साब? मयत है क्या किसकी?" मी पेटी उघडून दाखवली. त्यांनी मान हलवली. "इसका इलाज दवाखाने में नै मिलता. अक्का के घर चलो. हमारे बाजू में रैती."

अक्का म्हणजे नरसम्मा. पूर्व भागातल्या तेलुगू वस्तीत एका खोलीच्या घरात राहणारी, चाळीस वर्षं विड्या वळणारी बाई. ती उंबऱ्याच्या आत बसली होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी गोणपाटात गुंडाळलेली ओली पानं. मी चुलीशेजारच्या पाटावर बसलो. सलीमभाई दारातच थांबले.

तिने एक सिगार उचलली, दोन बोटांत फिरवली, जागोजागी दाबली.

"कुणी वळली ही?"

"परदेशातल्या फार नावाजलेल्या कारागिरांनी," मी म्हणालो.

"हितं पोकळ सोडलीय की. आमच्या चेकरनं छाटात टाकली असती." छाट म्हणजे कारखान्यात नापास करून बाजूला काढलेल्या विड्या. याच सिगारीला मी पुण्यात न ओढताच ब्याण्णव गुण देऊन आलो होतो.

काहीतरी जाणतेपणाचं बोलावं म्हणून मी एक सिगार नाकाशी नेली. "देवदाराचा वास मात्र शाबूत आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. तेवढ्यात सलीमभाई दारातून ओरडले, "अक्का, दाल जली!" तिने उठून चुलीवरचं पातेलं उतरवलं. तळाशी डाळ काळी ठिक्कर झाली होती. मग ती माझ्यासमोर येऊन बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "अण्णा, साऱ्या गल्लीला वास गेला. तुमी चुलीपाशी बसलाय. तुमाला वास येत न्हाय, व्हय ना?"

दोन वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. खोटं बोलायला तोंड उघडलं, पण ते जमलं नाही. मी फक्त मान हलवली.

"घरी सांगितलं?"

"नाही."

"का?"

"लाज वाटते."

"वास गेला त्याची कसली लाज? चोरी केली का?" ती म्हणाली. खरं तर केली होतीच, पण तेवढं मी तिला सांगितलं नाही.

मग तिने कामाला हात घातला. सिगारी कोरड्या गोणपाटावर सावलीत मांडल्या, पंखा बंद केला. "वाऱ्यानं वरचं पान तडकतंय. दम धरायचा." दुपारपर्यंत तिने एकेक हुंगून दोन ढीग केले. आठ बऱ्या, दोन छाट. आणि हुंगता हुंगता सांगत गेली. मी वही काढून उतरवून घेतलं.

"ही काकवीसारखी. ह्यात नव्या चपलेचा वास हाय, पायात घालायच्या आदीचा. ही भाजल्या शेंगांच्या टरफलाची. आन् ही छाटातली, बंद पेटीतल्या लुगड्याची, कुबट."

"तुम्ही कधी विडी ओढलीत?" मी विचारलं.

"छ्या! दिवसभर धूळ जाती छातीत, ती काय कमी हाय?" असं म्हणून ती खोकली. बराच वेळ खोकत राहिली. मी विशेषणं लिहायचा थांबलो.

पाच वाजता बंगल्याच्या हिरवळीवर आठ जाणकारांना आठ बऱ्या सिगारी मिळाल्या, आणि छाटातली एक मी पेटवली. पहिला झुरका घेऊन म्हणालो, "काकवी." एक सद्‌गृहस्थ डोळे मिटून पुटपुटले, "अगदी, अगदी." मग नवी चप्पल आली. यजमान शेठजींना तर तिचा अंगठासुद्धा जाणवला. टरफलांपाशी पोचलो तेव्हा टाळी पडली.

त्या टाळीने मला कसंतरीच झालं. मी उभा राहिलो. "माफ करा. मला दोन वर्षांपासून वास येत नाही. हे सगळं पूर्व भागात विड्या वळणाऱ्या नरसम्मा नावाच्या बाईंनी सांगितलंय. मी ओढतोय ती त्यांनी नापास केलेली आहे."

सगळे पोट धरून हसले. "काय विनोदबुद्धी!" शेठजी माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाले. "आणि विनय बघा!" रात्री पुण्याहून विक्रेत्याचा फोन आला. कार्यक्रम गाजला होता. पुढच्या महिन्यात कोल्हापूर. मी नाही म्हटलं. तेही त्याला विनयच वाटलं.

सकाळी निघण्याआधी नरसम्माकडे गेलो. झाला प्रकार सांगितला. ती म्हणाली, "परक्यांना सांगून काय? घरी सांगा की." आणि सुपाकडे वळली. तिच्या विड्या मोजून द्यायच्या राहिल्या होत्या.

परतीच्या गाडीत मी एकच वाक्य घोटत होतो. प्रवासाने माणूस शहाणा होतो असं लिहायची पद्धत आहे. मी फक्त घाबरलो होतो, जातानापेक्षा जास्त. घरी पोचून जेवायला बसलो आणि पहिला घास घ्यायच्या आत सुनंदाला सगळं सांगून टाकलं. ती पळी हातात धरून उभी राहिली.

"दोन वर्षं?"

"हो."

"आणि रोज माझ्या आमटीला खमंग म्हणत होतात."

"हो."

"म्हणजे मलाही सिगारीसारखेच गुण दिलेत."

तिचे डोळे भरले होते. रागाने की कशाने, हे विचारायचा माझा अधिकार मी गमावला होता. मग तिने माझ्या वाटीत आमटी वाढली आणि समोर बसली.

"सांगा आता. कशी झालीय?"

मी भुरका मारला. जिभेला कळतं तेवढं कळलं.

"खारट झालीय," मी म्हणालो.

तिने स्वतः चाखून पाहिली. "झालीय खरी," ती म्हणाली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच आम्ही दोघांनी एकच आमटी खाल्ली.